माल गाडीत चढण्याआधी कागद हातात घ्या
मालवाहतुकीतील फसवणूक, चोरी आणि सभासदांच्या उपयोगाचे कायदे

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



एरवी या पानावर लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया आणि खताच्या मात्रा यांचीच चर्चा असते. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. वर्षभर राबून पिकवलेला माल आपण शेतात राखण करून सांभाळतो. पण तो ट्रकमध्ये चढला की आपली राखण संपते आणि पुढचा सगळा कारभार दुसऱ्याच्या हाती जातो. आपल्यापैकी पुष्कळ सभासद उसाबरोबर हळद, बेदाणा, कांदा, गूळ असा माल लांबच्या पेठांना पाठवतात. काही सभासदांची स्वतःची ट्रक-ट्रॅक्टर कारखान्याच्या ऊस वाहतुकीत आहेत. त्यामुळे गट कार्यालयात उसाच्या कामासाठी आलेले सभासद जाता जाता या गोष्टीही काढतात. "साहेब, गाडी भरून दिली, ती पोचलीच नाही." "दहा पोती कमी उतरली म्हणतात." "मुकादम उचल घेऊन गेला, तो आलाच नाही."

अशा प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच असतो, कागद काय आहे? आणि उत्तरही बहुधा एकच मिळतं, "कागद कसला, ओळखीचा माणूस होता."

कायदा नाही असं नाही. कायदा आहे आणि तो शेतकऱ्याच्या बाजूने बराच भक्कम आहे. परंतु ज्याच्या हातात लेखी पुरावा आहे त्याच्याच मागे तो उभा राहतो. हा पुरावा गुन्हा घडल्यावर तयार करता येत नाही. माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो त्या घटकेलाच तो घ्यावा लागतो. या लेखाचा मथितार्थ इतकाच आहे. पुढे तो तपशिलाने पाहू.

१. मूळ कायदा कोणता?

रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी आपल्याकडे १८६५ सालचा इंग्रजी अमदानीतला कायदा होता. तो झाला तेव्हा मोटार नव्हती. गाडीवान आणि नावाडी यांच्या काळातला तो कायदा पुढे ट्रकलाही लावला जाई. त्याच्या जागी संसदेने २००७ साली नवा कायदा केला. त्याला कॅरेज बाय रोड ॲक्ट म्हणतात. तो १ मार्च २०११ पासून अंमलात आला आणि त्याचे नियमही २०११ सालीच झाले.

या कायद्याप्रमाणे, जो कोणी भाडे घेऊन कोणाचाही माल मोटारगाडीने पोचवण्याचा धंदा करतो तो सार्वजनिक वाहतूकदार. यात ट्रान्सपोर्ट कंपनी आली, बुकिंग करणारा हुंडेकरी आला, ठेकेदार, एजंट आणि दलालही आला. "मी नुसता दलाल आहे, गाडी माझी नाही" असं म्हणून हात झटकायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. अशा प्रत्येकाने परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करून घेतली पाहिजे. नोंदणीशिवाय हा धंदा करता येत नाही. तेव्हा नव्या माणसाकडे माल देताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. "तुमचा नोंदणी नंबर काय?" हा विचारा. सरळ माणूस लगेच सांगतो, आणि जो आढेवेढे घेतो त्याची परीक्षा तिथंच झाली.

ओळखीच्या टेम्पोवाल्याला एखादी खेप सांगितली तर तो सार्वजनिक वाहतूकदार ठरेलच असं नाही. तरीही १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, दुसऱ्याचा माल ताब्यात घेणाऱ्याने तो स्वतःच्या मालासारखा सांभाळला पाहिजे. फक्त माल त्याच्या ताब्यात दिला होता हे सिद्ध करायला चिठ्ठी तरी हवी.

२. दोन कागद : पाठवणीपत्र आणि बिल्टी

नव्या कायद्यात दोन कागद महत्त्वाचे आहेत. पहिला कागद आपण द्यायचा असतो, दुसरा आपल्याला मिळायचा असतो.

पहिला म्हणजे माल पाठवणीपत्र. माल कोणता, किती, आणि त्याची किंमत काय, हे पाठवणाऱ्याने त्यात लिहून द्यायचे असते. त्यातील मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी पाठवणाऱ्यावर आहे. दुसरा म्हणजे मालाची पावती. हिलाच आपण बिल्टी म्हणतो. ती तीन प्रतींत करायची असते आणि मूळ प्रत पाठवणाऱ्याला द्यायची असते. आपण स्वतः माल भरून देत असलो तर भरणी पुरी होताच, आणि एरवी वाहतूकदाराने माल स्वीकारताच, बिल्टी दिली पाहिजे.

बिल्टीवर लिहिलेले वजन आणि पोत्यांची संख्या हा कायद्याने सकृद्दर्शनी पुरावा धरला जातो. म्हणजे बिल्टीवर २०० पोती लिहिली आणि तिकडे १९० उतरली, तर दहा पोती कुठं गेली हे वाहतूकदाराने सांगायचं. बिल्टीच नसेल तर २०० पोती भरली होती हे आपण सिद्ध करत बसायचं.

बिल्टी घेताना एवढ्या गोष्टी वाचून पाहा : पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव-पत्ता, मालाचा प्रकार, नगसंख्या, वजन, किंमत, ठरलेले भाडे, गाडीचा नंबर, तारीख आणि सही. यातली एकही जागा कोरी सोडू देऊ नका. वजन "अंदाजे" लिहू देऊ नका. गाडी भरल्यावर जवळच्या काट्यावर वजन करून त्याची पावती बिल्टीला जोडावी. २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे काट्याची ठरलेल्या मुदतीत पडताळणी होऊन त्यावर शिक्का पडलेला असावा लागतो. तेवढी खात्री करून घ्यावी.

काहीजण ई-वे बिल दाखवून "हेच आहे की" म्हणतात. ई-वे बिल हा कराचा कागद आहे आणि बिल्टी हा ताब्याचा. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

३. भरपाई किती मिळते? हिशेब समजून घ्या

इथं बहुतेकांची समजूत चुकीची असते. माल हरवला की त्याची पूर्ण किंमत मिळणार असं आपण धरून चालतो. परंतु नियम असा आहे की, नेहमीच्या भाड्याने माल पाठवला असेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. आणि ती रक्कमही पाठवणीपत्रात लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकत नाही.

उदाहरणाने पाहू. समजा, एका सभासदाने १०० क्विंटल गूळ गुजरातेत पाठवला. क्विंटलला ४,००० रुपये धरले तर माल ४,००,००० रुपयांचा झाला. भाडे ठरले २५,००० रुपये.

(अ) पाठवणीपत्रात किंमत ४,००,००० लिहिली. भाड्याची दहापट २,५०,००० होते. माल गहाळ झाल्यास जबाबदारी २,५०,००० रुपयांपर्यंत. दीड लाखाचा खड्डा आपल्या अंगावर.

(ब) किंमत लपवून १,००,००० च लिहिली. दहापट २,५०,००० झाली तरी लिहिलेल्या किमतीच्या वर जाता येत नाही. म्हणून हाती एकच लाख. तीन लाखांचे नुकसान, तेही आपल्याच लेखणीने.

(क) किंमत ४,००,००० लिहिली आणि वाहतूकदाराने ठरवलेला वाढीव जोखीम दर देण्याचे लेखी कबूल केले. मग दहापटीची मर्यादा आड येत नाही.

वाढीव दर परवडत नसेल तर मालाचा वाहतूक विमा स्वतः उतरवावा. काही का असेना, किंमत खरी लिहावी. थोडे पैसे वाचवण्यासाठी किंमत कमी दाखवणं म्हणजे उंदराला भिऊन कणगीच विकून टाकणं झालं.

४. "चोरी झाली, त्याला आम्ही काय करणार?"

हे उत्तर पुष्कळ वेळा ऐकायला मिळते. कायद्यात मात्र त्याला आधार नाही. कोणत्या कारणांनी वाहतूकदार जबाबदारीतून सुटतो याची यादी कायद्यानेच दिली आहे : दैवी आपत्ती, युद्ध अथवा शत्रूची कृती, दंगल, कायदेशीर जप्ती किंवा अटकाव, आणि केंद्र वा राज्य सरकारचा हुकूम वा निर्बंध. या यादीत साधी चोरी नाही. शिवाय यादीतले कारण घडले तरी, योग्य काळजी घेतली असती तर नुकसान टळले असते असे दिसले, तर सुटका नाही.

दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. नुकसानीचा दावा लावताना वाहतूकदाराने हलगर्जी केली किंवा त्याच्या नोकराने गुन्हा केला हे आपण सिद्ध करण्याची गरज नाही. माल दिला होता आणि तो पोचला नाही, एवढं दाखवलं की पुढचा खुलासा त्याने करायचा. ड्रायव्हरने, नोकराने वा एजंटाने गुन्हा करून माल लांबवला असेल, तर पाठवणीपत्रातील मजकुरानुसार वाहतूकदार स्वतः जबाबदार राहतो. "ड्रायव्हर पळाला, त्याच्याकडे बघा" हे चालत नाही.

काही बिल्ट्यांवर बारीक अक्षरात "मालकाच्या जोखमीवर" असं छापलेलं असतं. ते वाचून सभासद हाय खातात. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखालच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की, एवढे छापल्याने वाहतूकदाराची निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही. तरी असे शब्द दिसले तर सही करण्याआधी विचारावे, पटले नाही तर खोडून घ्यावे.

५. एकशे ऐंशी दिवसांची मुदत

चांगला दावा हातचा जातो तो बहुधा या एका कारणाने. माल हरवल्याची किंवा खराब झाल्याची लेखी नोटीस, माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला मिळाली पाहिजे. ती दिल्याशिवाय दावा लावता येत नाही. मुदत मोजायची ती बुकिंगपासून. माल हरवल्याचं आपल्याला कळलं तेव्हापासून नव्हे.

होतं असं की, ट्रान्सपोर्टवाला "बघतो, देतो, साहेब गावाला गेलेत" करत चार-पाच महिने काढतो. आपणही संबंध बिघडायला नको म्हणून थांबतो. तोवर सहा महिने उलटतात आणि मग तोच माणूस वकिलाच्या भाषेत बोलू लागतो. म्हणून बोलणी चालू ठेवावीत, पण नोटीस महिन्याभरात पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवावी. त्यानंतर दावा लावण्यासाठी तीन वर्षांची मुदत असते.

तिकडे माल उतरवताना घट दिसली तर बिल्टीच्या पाठीमागे तिथल्या तिथं "इतकी पोती कमी, इतकी भिजलेली" असा शेरा लिहून ड्रायव्हरची सही घ्यावी. आपल्या अडत्याला हे आधीच सांगून ठेवावे. कोरी सही करून माल उतरवून घेतला तर पुढे भांडायला तोंड राहत नाही.

६. फौजदारी बाजू

वर सांगितली ती पैशाची, म्हणजे दिवाणी बाजू. चोरी आणि अफरातफर हा शिवाय फौजदारी गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातली ही कलमे माहीत असावीत :

• कलम ३०५ : मालवाहू गाडीतून माल चोरणे, तसेच मालवाहू गाडीच चोरणे, याला सात वर्षांपर्यंत कैद व दंड. पूर्वी गाडीतल्या मालाची चोरी साध्या चोरीत धरली जाई व तिला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा होती.

• कलम ३१६ : विश्वासाने सोपवलेल्या मालाची अफरातफर. वाहतूकदार म्हणून ताब्यात आलेला माल लांबवला तर सात वर्षांपर्यंत कैद व दंड.

• कलम ३१७ : चोरीचा आहे हे माहीत असून माल घेणाराही गुन्हेगार. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारी खताची पोती घेण्याआधी हे आठवावे.

• कलम ३१८ : फसवणूक. खोटी नंबरप्लेट, खोटी कागदपत्रे दाखवून माल भरून नेणे किंवा भाड्याची आगाऊ रक्कम घेऊन पसार होणे यात येते. फसवून माल वा पैसा काढून घेतल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा.

गाडी वाटेत कुठं गायब झाली हे ठाऊक नसेल तर फिर्याद कोणत्या ठाण्यात द्यायची? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. पुढे ती योग्य ठाण्याकडे जाते. प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवता येतो आणि तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

कोणतीही फिर्याद देताना बिल्टी, काटापावती, गाडीचा नंबर व ड्रायव्हरच्या लायसनची प्रत जवळ असली तर तपास पहिल्या दिवसापासून धरला जातो. म्हणून भरणीच्या वेळीच मोबाईलवर गाडीच्या नंबरप्लेटचा, ड्रायव्हरचा व लायसनचा फोटो घ्यावा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून गाडीच्या नोंदणीचा तपशील पाहावा. तो नोंदणी पुस्तकाशी आणि चासिस नंबराशी जुळवावा. आणि मालकाला दलालाने दिलेल्या नंबरावर नव्हे, तर स्वतः मिळवलेल्या नंबरावर फोन करून विचारावे, "तुमची गाडी आमच्याकडे लागली आहे ना?" पाच मिनिटांचं काम आहे. प्रामाणिक ड्रायव्हर याचा राग मानत नाही. माल गहाळ झाला की पहिला आळ त्याच्यावरच येतो, तेव्हा कागद त्यालाही वाचवतो.

७. ऊस वाहतूक आणि मुकादमाची उचल

आता आपल्या घरचा प्रश्न. ज्या सभासदांची वाहने तोडणी-वाहतुकीच्या करारात आहेत त्यांना हंगामाआधी टोळीसाठी उचल द्यावी लागते. कारखान्याकडून घेतलेला ॲडव्हान्स, वर बँकेचे किंवा सावकाराचे पैसे, असे लाखो रुपये मुकादमाच्या हाती जातात. टोळी आली नाही तर वाहन दारात उभे राहते, हप्ते चालू राहतात आणि कारखान्याची बाकी वाहनमालकाच्याच नावावर राहते. जमिनीचा तुकडा विकून ही बाकी भागवण्याची पाळी येते.

पोलिसात गेलं की पहिलं उत्तर मिळतं, "हा देवाणघेवाणीचा मामला आहे, कोर्टात जा." यात थोडं तथ्य आहे. नुसता करार मोडणे म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे. पैसे घेतानाच फसवण्याचा इरादा होता हे दिसावे लागते. इरादा कशावरून दिसतो? एकाच हंगामासाठी एकाच टोळीच्या नावावर दोन-तीन वाहनमालकांकडून उचल घेतली असेल, मजुरांची नावे खोटी असतील, किंवा आधारकार्ड दुसऱ्याचेच असेल, तर तो इरादा स्पष्ट होतो. म्हणून :

– उचल रोखीने देऊ नये, बँकेतूनच द्यावी.
– करार स्टॅम्पपेपरवर करावा. त्यात हंगाम, कोयत्यांची संख्या, हजर होण्याची तारीख लिहावी.
– टोळीतल्या प्रत्येक मजुराचे नाव, गाव व सही यादीवर घ्यावी. स्वतः गावी जाऊन खात्री करावी.
– सगळी रक्कम एकदम न देता टप्प्याने द्यावी.
– यादीची प्रत गट कार्यालयात द्यावी, म्हणजे तेच नाव दुसऱ्या वाहनावर लागले तर लक्षात येईल.

गुन्हा दाखल होवो न होवो, पैसे वसुलीचा दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावावाच लागतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. उचल बुडाली म्हणून मजुराला, त्याच्या बायकापोरांना अडवून ठेवणे, बैल किंवा संसार ताब्यात घेणे, मारहाण करणे, हे कोणी करू नये. डांबून ठेवणे हा न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. कर्जापोटी सक्तीने राबवून घेण्याला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंदी आहे व त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होते. मुकादम आणि मजूर एक नव्हेत. कित्येकदा मुकादमाने घेतलेली उचल टोळीपर्यंत पोचलेलीही नसते. पोटासाठी गाव सोडून आलेल्या माणसावर आपला राग काढला, तर फिर्यादी असलेला सभासदच आरोपी होऊन बसतो.

आपली गाडी "महिना भाड्याने कंपनीला लावतो" म्हणून कोणी मागायला आला तरी हाच नियम. कंपनीत स्वतः जाऊन खात्री करावी, लेखी करार करावा आणि मूळ नोंदणी पुस्तक हातचे सोडू नये. अशा गाड्या परस्पर विकल्या वा गहाण टाकल्या जातात.

८. थोडक्यात ध्यानात ठेवा

१) नोंदणी नंबर विचारल्याशिवाय नव्या वाहतूकदाराला माल देऊ नका.
२) पाठवणीपत्रात खरी किंमत लिहा. मोठ्या मालाला वाढीव जोखीम दर किंवा विमा घ्या.
३) बिल्टीची मूळ प्रत हातात आल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.
४) गाडी, ड्रायव्हर, लायसन यांचे फोटो व काटापावती जपून ठेवा.
५) घट दिसली तर बिल्टीवर शेरा लिहून घ्या.
६) लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत.
७) चोरी किंवा अफरातफर असेल तर लगेच जवळच्या ठाण्यात खबर द्या.
८) उचल बँकेतून आणि लेखी करारावर. मजुराला हात लावायचा नाही.

हा लेख कायद्याची तोंडओळख करून देण्यासाठी आहे. प्रत्यक्ष दावा किंवा फिर्याद करताना वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा. ओळख, भाऊबंदकी, शब्द यांना आपल्याकडे मोल आहे आणि ते राहावं. पण ओळखीच्या माणसाकडूनही पावती घेणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. उसाची खेप काट्यावर आली की आपण सगळे खिडकीपाशी उभं राहून वजनाची पावती मागून घेतो. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. तीच सवय हळदीच्या पोत्याला, गुळाच्या रव्याला आणि उचलीच्या पैशाला लावून घ्यावी, एवढीच सर्व सभासदांना विनंती आहे.